पाताळराव दिलगीर आहेत

"या शहरात माझा आवाज ओळखत नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय," अनाउन्सर म्हणाला आणि चहाचा कप त्याने असा काही खाली ठेवला, की विषय तिथेच संपावा.

विषय संपला नाही, कारण समोर चौकशी खिडकीवरच्या बाई होत्या. दिवसभर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन देऊन त्यांचा कशावरच विश्वास उरला नव्हता.

"असं? मग लावा घरी फोन. नाव मात्र सांगायचं नाही."

अनाउन्सरने बसस्थानकाच्या घोषणाखोलीतून घरच्या लँडलाइनवर फोन लावला. घोषणाखोली म्हणजे काचेचं एक कपाट होतं. त्यात एक खुर्ची, एक माइक, एक वेळापत्रक आणि वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करणारा एक पंखा. चौकशीबाईंना ऐकू जावं म्हणून त्याने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"हॅलो," तो म्हणाला.

"कोण?" बायको म्हणाली.

"मी."

"मी कोण?"

"अगं, मी!"

"हे बघा, कवळी तयार झाली की दवाखान्यातून निरोप येईल. पेशंटनी डायरेक्ट घरी फोन करायचा नाही," असं म्हणून बायकोने फोन ठेवला.

चौकशीबाईंनी अनाउन्सरकडे पाहिलं. "म्हणजे तुमची बायको अजून जन्माला यायची आहे तर," त्या म्हणाल्या आणि चहा पिऊन खिडकीवर गेल्या.

बिचारीची काही चूक नव्हती. ती घरी बसून दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवते. हात मेणात आणि प्लास्टरमध्ये असतात, कान मोकळे. आणि त्या क्षणी तिच्या एका कानात दुसराच एक पुरुष बोलत होता. काळजाला हात घालणाऱ्या आवाजात तो तिला म्हणत होता, की तुझ्यावाचून माझं राज्य सुनं आहे. असं कानात चाललेलं असताना दुसऱ्या कानात कुणी 'अगं, मी' म्हटलं, तर बाई काय करील?

घोटाळा एवढाच, की तो दुसरा पुरुषही अनाउन्सरच होता.

हे सगळं त्याच्या मेहुण्यामुळे झालं होतं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. एका धंद्यात बुडायचं आणि दुसऱ्यात वर यायचं, अशा पाणकोंबडीच्या चालीने त्याचं आयुष्य चाललेलं. रंगीत मासे विकून झाले, छत्र्या भाड्याने देऊन झाल्या, आणि आता तो कानाने ऐकायच्या कादंबऱ्या काढत होता. रेकॉर्डिंगला शांत जागा लागते, म्हणून त्याने गाद्यांचं एक गोदाम गाठलं. चारी बाजूंनी गाद्या रचलेल्या, मध्ये माइक. बाहेर रणगाडा गेला असता तरी आत कळलं नसतं. अडचण एकच होती. वाचायला येणारा माणूस झोपायचा.

पहिली कादंबरी ग्रीकांच्या पुराणावर बेतलेली होती. पाताळाचा राजा वर येतो, धान्याच्या देवीची मुलगी फुलं तोडत असते, जमीन दुभंगते, काळ्या घोड्यांचा रथ बाहेर पडतो आणि राजा तिला उचलून खाली घेऊन जातो. मूळ पुराणात हा सरळसरळ पोलिसात द्यायचा मामला. पण कादंबरीत राजाचे खांदे रुंद असतात आणि मनातून त्याला फार एकटं वाटत असतं, त्यामुळे प्रकरण वेगळ्या दिशेने जातं. हे वाचायला मेहुण्याने एक नामांकित नट आणला. नट तिसऱ्या प्रकरणात, ऐन चुंबनाच्या तोंडावर, गादीला टेकला आणि घोरायला लागला.

"भावोजी, मला खुर्चीत बसून जागा राहणारा माणूस पाहिजे," मेहुणा येऊन म्हणाला. "आवाज कसाही असू दे."

"कसाही म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यासारखा."

अनाउन्सर गेला. कागद पुढ्यात आल्यावर डोळा लागू न देण्याची त्याच्या देहाला सवय होती. त्याने वाचायला सुरुवात केली आणि इकडे मेहुणाच गाद्यांवर आडवा झाला. त्यामुळे पुढे जे झालं ते थांबवणारं तिथे कुणी नव्हतं.

स्थानकावर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. पहिल्यांदा लोक 'काय म्हणाला?' म्हणतात आणि दुसऱ्यांदा ऐकतात. अनाउन्सरची जीभ त्याच रुळावर होती. "तू माझी आहेस," तो खर्जात म्हणाला, दम घेतला आणि पुन्हा म्हणाला, "तू माझी आहेस." राजा रथातून उतरला तेव्हा तो दोनदा उतरला. मग तो प्रसंग आला. मुलगी अंधारात एकटी रडते आहे, तिला घर आठवतं आहे, राजा दाराशी उभा आहे. कागदावर लिहिलं होतं, 'राजा काहीच बोलला नाही.' अनाउन्सरने तेही वाचलं. पण माणसं अडकून पडली आहेत, हाल झालेत आणि आपण काहीच बोलायचं नाही, हे त्याच्या जिभेला झेपेना. ती आपोआप पुढे गेली.

"आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत," पाताळाचा राजा म्हणाला. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

मेहुणा संध्याकाळी उठला, आळस दिला आणि रेकॉर्डिंग जसंच्या तसं लोकांच्या कानांत सोडलं.

कादंबरी अशी चालली, की मेहुण्याचे मासेसुद्धा कधी तशा शेपट्या हलवत चालले नव्हते. शिवणयंत्रावर बसणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या, केस कापणाऱ्या, कारखान्यात बाटल्यांवर झाकणं बसवणाऱ्या बायका एकमेकींना विचारू लागल्या, "दिलगीर झाला का गं तुझा?" साऱ्या मृतांवर ज्याची सत्ता, देवसुद्धा ज्याच्या वाटेला जात नाहीत, तो एवढा मोठा पुरुष दारात उभा राहून माफी मागतो. तेही दोनदा. तेही कुणी मागे न लागता! एका शिंपीणबाईंनी तर सांगितलं, "आमच्या घरी मी दोनदा बोलते. हा पहिला पुरुष ऐकला जो स्वतः दोनदा बोलतो."

मेहुण्याने अनाउन्सरला शपथ घातली. "भावोजी, तुम्ही कोण हे कुणाला सांगायचं नाही. ताईलासुद्धा नाही. पाताळाच्या राजाला दुपारचा डबा असतो, हे बायकांना कळलं तर आपण संपलो."

अनाउन्सरने शपथ घेतली, पण मनात म्हणाला, सांगायची गरजच काय? बायको ओळखेलच. आवाज ऐकेल, हातातलं मेण खाली ठेवेल, आणि म्हणेल, अहो, हे तुम्हीच ना! त्या एका वाक्यासाठी तो थांबून राहिला.

वाक्य काही आलं नाही. आली ती वायर.

घरात हेडफोन एकच होता आणि ऐकणाऱ्या दोघी होत्या, बायको आणि अनाउन्सरची आई. कुकर कुठल्या शेगडीवर लावायचा, या प्रश्नावरून या दोघी कित्येक वर्षं एकमेकींशी भिंतीमार्फत बोलत होत्या. आता एक बोंड सुनेच्या कानात, एक सासूच्या. एकीला शिंक आली की दुसरीच्या कानातून राजा निसटायचा. त्यामुळे दोघी जोडीने उठायच्या, जोडीने कपडे वाळत घालायच्या, जोडीने दार उघडायच्या. मेणावर दात बसवायचं काम चाललेलं असायचं, भोवती टेबलभर कवळ्या हसत असायच्या, आणि त्यांच्या मधोमध सासू-सुना डोळे मिटून बसलेल्या. अनाउन्सर कामावरून यायचा, बूट काढायचा, "चहा आहे का?" विचारायचा. उत्तर फक्त कवळ्या देतील असं वाटायचं.

दिवसभर बोलून दमलेला घसा घरी जपायचा म्हणून तो नाकातून बोलत असे. 'हं.' 'कुठंय?' 'आहे का?' एवढ्यावर त्याचा संसार चालला होता.

शेवटी एकदा न राहवून त्याने टेबलावर थाप मारली. दोन कवळ्या उडाल्या. दोघींनी एकेक बोंड काढलं.

"काय एवढं आहे त्या पाताळवाल्यात?" त्याने विचारलं.

"पाताळराव म्हण," आई म्हणाली. "तुझ्यापेक्षा मोठे आहेत."

"बरं, काय आहे पाताळरावांत?"

"घर प्रशस्त आहे. थंडगार. शेजारी सगळे मेलेले, कुणाचा म्हणून त्रास नाही."

"कुत्रा आहे, तीन तोंडांचा," बायको म्हणाली, "पण तिच्यावर एका तोंडानेही भुंकत नाही."

"आणि घरात सासू नाही," आई म्हणाली.

"आई! अगं, तू स्वतः सासू आहेस!"

"म्हणूनच सांगते. मला आतली माहिती आहे."

"शिवाय वर्षातले सहा महिने माहेर," बायको म्हणाली. "ती डाळिंबाचे दाणे खाते ना, त्यामुळे सहा महिने तिला खाली राहावं लागतं. पण उरलेले सहा महिने माहेरी! विचारायचं नाही, मनवायचं नाही, 'मग माझ्या जेवणाचं काय?' हे ऐकायचं नाही. आणि मुख्य म्हणजे तो सॉरी म्हणतो."

"दोनदा," आई म्हणाली.

"मीही म्हणतो की!" अनाउन्सर ओरडला.

"कधी?"

"रोज!"

"कुणाला?"

रोज हजार माणसांना तो म्हणत होता, हे खरं होतं. त्या हजारांत हे टेबल नव्हतं.

मग त्याने प्रयत्न केले. बाजारातून एक मोठं डाळिंब आणलं, स्वतःच्या हाताने सोललं आणि दाणे बशीत घालून बायकोपुढे ठेवले. बायकोने बशीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि बशी लांब सरकवली.

"मला इतकी भोळी समजू नका," ती म्हणाली. "खाल्लं की अडकले."

"आण इकडे," आई म्हणाली आणि बशी साफ केली. "मी या घरात कधीची अडकलेय."

दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, छाती फुगवली आणि राजासारखं म्हणाला, "तू माझी आहेस. तू माझी आहेस." मागे गाद्या नव्हत्या, पुढे माइक नव्हता. जे बाहेर पडलं ते भांड्याला लागलेल्या चमच्यासारखं होतं.

"घसा बसलाय का?" बायकोने विचारलं. "मिठाच्या गुळण्या करा."

तेव्हा त्याने शपथ मोडली. "अगं, तो मीच आहे. पाताळराव. मीच!"

सासू आणि सून एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. लग्नानंतर त्या पहिल्यांदाच एकाच गोष्टीला हसत होत्या. हसता हसता बायकोचा हात मेणात गेला आणि कुणा गृहस्थाचा सुळा दाढेच्या जागी बसला.

"अरे बाळ्या," आई डोळे पुसत म्हणाली, "मी जन्म दिलाय तुला. तुझा आवाज मला माहीत नाही?"

एवढ्यावर थांबलं असतं तर अनाउन्सरने गिळलं असतं. पण त्या आठवड्यात कादंबरीचा तो भाग आला, ज्यात ती मुलगी पाताळातून वर येते, आई तिला मिठी मारते आणि साऱ्या रानाला फुलं येतात. बायकोने हातातला चाकू मेणात खुपसला आणि जाहीर केलं, "मी माहेरी जाते. सहा महिने."

"सहा महिने? अगं, ते पुराण आहे!"

"माझीही आई वर आहे." बायकोचं माहेर धरणाच्या वसाहतीत, खरोखरच डोंगरावर होतं. "तीही वाट बघते. गेल्या वेळी दोन दिवसांत तुमचा फोन आला होता, साखर कुठे आहे म्हणून."

"मीही जाते हिच्याबरोबर," आई म्हणाली.

"तू कशाला? ते तुझं माहेर आहे का?"

"वायर एवढीशीच आहे," आई म्हणाली.

अनाउन्सरने घराकडे पाहिलं. सहा महिने. कपाटात कवळ्या, टेबलावर कवळ्या, आणि ऐकायला कुणी नाही. ऐकत तर आताही कुणी नव्हतं, पण निदान न ऐकणारी माणसं घरात होती. आपलं माणूस निघालं आहे, त्याला पळवणाराही आपणच, आणि गाडीची घोषणाही आपल्यालाच करायची आहे, असं संकट देवादिकांवरही आलं नसेल.

जायच्या दिवशी दोघी दुपारी स्थानकावर आल्या आणि घोषणाखोलीच्या बरोबर समोरच्या बाकावर बसल्या. पायाशी बॅगा, मध्ये वायर, दोघींचे डोळे मिटलेले. काचेतून अनाउन्सर बघत होता. चौकशीबाई आत डोकावल्या.

"भोंगेसाहेब, धरणाची गाडी बोला की. लागलीये कधीची." स्थानकावर त्याला सगळे भोंगाच म्हणत. चौकशीबाई तेवढ्या मानाने म्हणत.

"नाही बोलणार."

"तुम्ही नाही बोललात म्हणून गाडी राहते होय? एरवी तरी कुणाला कळतं तुमचं?"

हे त्याला लागलं. त्याने माइक पुढे ओढला, बटण दाबलं आणि बायकोच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघून बोलायला सुरुवात केली. खालचा, खर्जातला, गाद्यांमधला आवाज.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. धरणाकडे जाणारीने जाऊ नये. धरणाकडे जाणारीने जाऊ नये."

फलाट चारवर धरणाच्या गाडीत बसलेल्या सगळ्या बायका उठून खाली उतरल्या. त्यांच्या मागोमाग एक सर्व्हेअरही उतरला. त्याला धरणाबद्दल पहिल्यापासूनच शंका होती.

"तुझ्यावाचून माझं राज्य सुनं आहे," कर्णे बोलू लागले. "तुझ्यावाचून माझं राज्य सुनं आहे."

स्थानकावरची एक बाई भरल्या पिशवीसह जागच्या जागी उभी राहिली. "अगं बाई," ती म्हणाली, "पाताळराव!"

पुढे काय झालं ते वर्णन करणं अवघड आहे. फलाटांवरच्या सगळ्या गाड्यांची दारं उघडली आणि बायका बाहेर आल्या. तिकीट काढलेल्या आल्या, न काढलेल्या आल्या, शेजारच्या इस्त्रीवाल्याची बायको इस्त्री गरम ठेवून आली. सगळ्या माना वर करून कर्ण्याखाली उभ्या राहिल्या. नवरे मुलं कडेवर घेऊन गाड्यांत बसून राहिले. एक कंडक्टर शिट्टी वाजवत होता. त्याला "श्शू" म्हणून गप्प केलं गेलं.

आणि ज्या दोघींसाठी हे चाललं होतं, त्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांच्या कानात पाताळराव आधीपासूनच बोलत होते. बाहेरचे पाताळराव त्यांना ऐकू जाणार कसे?

अनाउन्सर रडकुंडीला आला. तेवढ्यात स्थानकप्रमुख धावत आले आणि काचेवर बुक्क्या मारायला लागले. "अहो, हे काय लावलंय? गाड्या रिकाम्या झाल्या! धरणाची गाडी बोला आधी, फलाट नंबर सांगा!"

त्याच वेळी बाकावर एक साधी गोष्ट घडली. फोनची बॅटरी संपली.

बायकोच्या कानातला आवाज बंद पडला आणि तरीही पाताळराव बोलतच होते. तिने बोंड काढून झटकलं. पाताळराव बोलत होते. तिने कानात करंगळी घालून हलवली. पाताळराव म्हणाले, "धरणाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागली आहे. फलाट क्रमांक सात." वेळापत्रकाकडे न बघता, बायकोकडे बघत, तोंडाला आला तो नंबर त्याने सांगितला होता.

"सात नंबर म्हणतायत," आई म्हणाली. राजाचा शब्द ती खाली पडू देणार नव्हती. "चल, मी पुढे जाऊन जागा धरते." आणि रुमाल काढून ती तुरुतुरु निघाली.

बायको मात्र उठून कर्ण्याकडे बघत राहिली. कर्ण्याची वायर बघत बघत तिची नजर खाली आली, भिंतीवरून सरकली, खिडकीतून आत गेली आणि माइकपाशी थांबली. माइकच्या मागे तिचा नवरा होता. लोकरी बंडी, कपाळावर घाम, मागे खिळ्याला डब्याची पिशवी.

ती काचेपाशी आली. तिच्या मागे सगळा जमाव आला.

"हा?" जमावातली एक म्हणाली.

"हा," दुसरी म्हणाली. तिचा आवाज जरा पडला होता.

"पाताळात उजेड कमीच असतो, बाई," एक म्हाताऱ्या बाई समजावून म्हणाल्या. "चालून जातं."

"तुम्ही?" बायकोने विचारलं.

"हो," तो नाकातून म्हणाला.

"तसं नाही. त्यात बोला."

तो माइककडे वाकला. "हो," तो म्हणाला. "हो."

जमावातून एक लांब सुस्कारा निघाला.

"मग घरी का नाही असं बोलत?"

"घरी तुझ्या कानात मी असतो," माइकवरून अनाउन्सर म्हणाला, आणि ते स्वच्छतागृहापासून पार्किंगपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. "मग मला बोलायला जागाच उरत नाही."

बायको म्हणाली, "दिलगीर आहे म्हणता ना? कशाबद्दल?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता. गाडी रद्द झालेल्यांनी विचारला नव्हता, पावसात भिजलेल्यांनी विचारला नव्हता. त्याने उगाच वेळापत्रक चाळलं. "ते आपलं... एकूणच," तो म्हणाला.

"एकूणच नको."

"एकूणच चालणार नाही!" जमाव म्हणाला.

"ओला टॉवेल," अनाउन्सर म्हणाला. "पलंगावर टाकतो. ओला टॉवेल पलंगावर टाकतो."

"पुढे."

"साखरेसाठी फोन केला. डबा समोरच होता. डबा समोरच होता."

"पुढे."

त्याने वेळापत्रक बाजूला सारलं. पंखा खडखडत राहिला. "मोठ्या डॉक्टरांनी तुझी पहिली पूर्ण कवळी हातात घेऊन म्हटलं होतं, की असं काम मी शिकवूनही कुणाला जमलं नाही. तू धावत घरी आलीस. मला सांगितलंस. आणि मी म्हणालो, बरं, चहा टाक."

हे वाक्य तो दुसऱ्यांदा म्हणाला नाही. त्याला म्हणवेना.

गाड्यांत बसलेल्या नवऱ्यांनी पोरांच्या टोप्या सारख्या करायला सुरुवात केली. एक जण मागच्या दाराने उतरून निघून गेला. आपली खिडकी उघडी टाकून घोषणाखोलीच्या दारात उभ्या असलेल्या चौकशीबाईंनी नाक शिंकरलं, आणि माइक चालू असल्यामुळे तेही सगळ्यांनी ऐकलं.

"पुन्हा म्हणा," बायको म्हणाली.

त्याने म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि पदराने काचेवरचा, तिच्याच श्वासाने आलेला धुरकटपणा पुसला. "सहा महिने नाही जात. पंधरा दिवस जाते."

"आठ," तो म्हणाला. "आठ."

"पंधरा."

"पंधरा!" जमाव म्हणाला.

"पंधरा," पाताळराव कर्ण्यांतून म्हणाले आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि आज नाही. रविवारी जाईन, तुम्ही सोडायला या. आणि घरी माइक आणा."

"माइक खात्याचा आहे!" स्थानकप्रमुख ओरडले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. एक बाई अनाउन्सरला काचेतून विचारत होती, की 'ओला टॉवेल' हा पुढच्या भागात येणार आहे का.

"आता आईंना बोलवा," बायको म्हणाली. "म्हणावं उतरा, बेत बदललाय."

अनाउन्सरने माइक नीट केला. "फलाट क्रमांक चारवर जागा धरून बसलेल्या आईंनी कृपया खाली उतरावे," तो म्हणाला. "कृपया खाली उतरावे."

फलाट चारवरच्या गाडीतून कुणी उतरलं नाही, कारण तिच्यात कुणी नव्हतं. आई सातवरच्या गाडीत बसली होती, खिडकीजवळची जागा धरून, शेजारच्या जागेवर रुमाल टाकून. ती गाडी धुवायला निघाली होती आणि एव्हाना पाण्याच्या फवाऱ्यांत शिरली होती. खिडकी उघडी होती.